घोडा का अडला?



भाकरी का करपली? पान का नासले? घोडा का अडला? हे जुने कोडे तुम्ही आजीकडून कधी ना कधी ऐकले असेल. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! आपण उत्तर देतो, हसतो आणि विसरून जातो. मीही विसरलो होतो. मग एका घोडीने आणि माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला ते पुन्हा शिकवले. त्याची हकिकत आज सांगणार आहे. तिच्या शेवटी मी एक मत मांडणार आहे, आणि ते तुमच्या सगळ्याच शिक्षकांना पटेल असे नाही. हरकत नाही. मत पटले नाही तरी चालेल. त्यामागचे हिशेब मात्र ताडून पाहा.

आधी नकाशा पुढे घ्या. सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला, डोंगराच्या पर्जन्यछायेत, फलटण, बारामती, इंदापूर या भागांत जेमतेम पाचशे. पावसाळ्यात या कोरड्या माळांवर मेंढरांपुरते गवत उगवते आणि दसरा-दिवाळीपर्यंत ते संपत येते. नेमक्या त्याच सुमाराला कोकणात भाताची कापणी उरकते आणि खाचरे मोकळी होतात. म्हणून मेंढपाळ धनगरांचे वाडे हिवाळ्यासाठी घाट उतरून कोकणात जातात. वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा समूह. खाचरात रात्री मेंढरे बसवायची, शेताला खत द्यायचे, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पाऊस सुरू होण्याआधी परत घाट चढायचा, असा हा वर्षाचा क्रम.

या प्रवासात मेंढरे चालवण्याचे काम बहुधा पुरुषांकडे असते. घर मात्र घोड्यांच्या पाठीवरून जाते आणि ते लादण्याचे, हाकण्याचे काम बायकांकडे असते. भांडीकुंडी, धान्य, वाकळा, पालाचे कापड, नुकती जन्मलेली कोकरे, कोंबड्या, कधी लहान मूलसुद्धा. हे घोडे अंगाने लहान पण काटक असतात. भीमथडीची तट्टे म्हणून मराठ्यांच्या घोडदळात ज्यांचे नाव होते, त्याच मुलखातले हे घोडे. रोज दहा-पंधरा किलोमीटरची मजल आणि एकूण दीडशे-दोनशे किलोमीटरची वाट. तेव्हा घोड्याची पाठ खराब झाली, तर घरच जागच्या जागी थांबते.

आता हकिकत.

मी याच कोरड्या पट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. २०२२ साली बारावीच्या वर्गात या समाजातला एक हुशार मुलगा होता. एरवी तो नातेवाइकांकडे राहून शिके. दिवाळीची सुट्टी संपली, प्रात्यक्षिके सुरू झाली आणि हा गायब! चार दिवसांनी आला, तेव्हा मी वर्गासमोरच त्याला बोललो. हजेरीचा नियम ऐकवला आणि 'तुला शिक्षणाची किंमत नाही' असेही म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, घोडीची पाठ सोलवटलीय. आईला एकटीला ओझं भरता येत नाही. वाडा दोन दिवसांत हलणार हाय."

त्या दिवशी 'आघूर्णाचे तत्त्व' हा प्रयोग होता. मीटरपट्टी सुरीच्या धारेवर तोलायची, दोन्ही बाजूंना वजने टांगायची आणि डाव्या-उजव्या बाजूंचे आघूर्ण समान येते का ते पाहायचे. बल आणि आसापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वर्गातल्या निम्म्या मुलांची पट्टी काही केल्या आडवी राहीना. संध्याकाळी घरी जाताना एक विचार मनात आला, की घोड्यावर ओझे भरणे म्हणजे तरी दुसरे काय? मीटरपट्टीच्या जागी घोड्याची पाठ, एवढेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा मोठा तानकाटा आणि शिंप्याची टेप घेऊन त्यांच्या मुक्कामावर गेलो. वाडा हलण्यापूर्वी त्याची आई ओझे बांधून पाहत होती. मी काटा दाखवला तशी ती हसली आणि म्हणाली, "मास्तर, वजन काट्यावर नसतंय, घोडीच्या कानावर असतंय. कान मागं पडलं की समजायचं, जास्ती झालं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. शास्त्रज्ञ आपल्या उपकरणाकडे पाहतो, तशीच ती घोडीच्या कानांकडे पाहत होती. पण मग पाठ का सोलवटली? घोडे पेंड खाते ते नेमके कुठे? आम्ही मोजायला बसलो.

पहिला प्रश्न, घोडीचे वजन किती? माळावर एवढा मोठा काटा कुठून आणणार? त्याची गरज नाही. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. येणारी संख्या म्हणजे घोड्याचे किलोग्रॅममधील अंदाजे वजन. आमच्या घोडीचा घेर १४० आणि लांबी १३० सेंटिमीटर भरली. १४० चा वर्ग १९,६००; गुणिले १३० म्हणजे २५,४८,०००; भागिले ११,८८०, म्हणजे सुमारे २१५ किलोग्रॅम. हा अंदाज दहा-पंधरा किलोंनी इकडेतिकडे होऊ शकतो; पण अजिबात आकडा नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. घेराचा वर्ग आणि लांबी यांचा गुणाकारच का, हे ओळखा पाहू! घोड्याचे धड एक आडवे पिंप आहे असे समजा आणि दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र आठवा.

दुसरा प्रश्न, ओझे किती असावे? साधारण नियम असा, की घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या पुढे जाऊ नये. २००८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आठ घोड्यांवर पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस टक्के ओझे घालून चाचणी झाली होती. वीस टक्क्यांपर्यंत फारसे काही बिघडले नाही; पंचवीसपासून पुढे स्नायू दुखावल्याची चिन्हे दिसू लागली. ते घोडे मोठे होते, ओझे स्वाराचे होते आणि चाचणीही थोडा वेळ चालली होती. मग रोज मैलोन् मैल चालणाऱ्या घोड्यासाठी आपण अधिकच जपून असावे. २१५ किलोचा पाचवा भाग म्हणजे ४३ किलो.

आता काट्यावरचे आकडे पाहा. डावी गोणी साडेबावीस किलो, उजवी बावीस. हाताच्या अंदाजाने भरलेल्या दोन गोण्यांत फक्त अर्ध्या किलोचा फरक! माझ्या वर्गात तानकाटा हातात असूनही याहून मोठी चूक करणारे विद्यार्थी आहेत. बेरीज साडेचव्वेचाळीस, म्हणजे ओझे जवळजवळ नियमात होते. पण उजव्या बाजूला शेवटी पाण्याचा एक प्लॅस्टिकचा कॅन अडकवला होता. तो आठ किलोचा. आणि वर दोन कोकरे व तीन कोंबड्या मिळून दहा किलो. एकूण साडेबासष्ट. घोडीच्या वजनाच्या जवळजवळ तीन दशांश!

तोल पाहा. उजवीकडे तीस, डावीकडे साडेबावीस. फरक साडेसात किलोचा. गोणीचे केंद्र पाठीच्या मध्यरेषेपासून साधारण पस्तीस सेंटिमीटरवर धरले, तर हे आघूर्ण सुमारे २६ न्यूटन-मीटर होते. म्हणजे एक मीटर लांब काठीच्या टोकाला दोन किलो सहाशे ग्रॅमचे वजन टांगून ती काठी घोडीच्या कण्याला बांधल्यासारखे झाले. ओझे उजवीकडे घसरू लागते. ते घसरू नये म्हणून तंग अधिक आवळला जातो. आवळलेला तंग कातडी घासतो आणि श्वास घेताना छातीलाही अडवतो. चूक झाली पाण्याच्या कॅनची, शिक्षा झाली पाठीला.

आणि दाब? इथे मला आपला एक शब्द आठवला : 'खोगीरभरती'. टाकाऊ गोष्टी कोंबून जागा भरणे, अशा अर्थाने आपण तो वापरतो. पण ज्याने कधी घोडा लादला आहे तो असे म्हणणार नाही. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. साडेबासष्ट किलोचे ओझे घोंगडीच्या जाड घडीवरून कण्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १,६०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दाब येतो पाऱ्याच्या सुमारे २९ मिलिमीटर. हेच ओझे घडीच्या सुरकुतीवर आणि दोरीच्या काठावर, फक्त ३०० चौरस सेंटिमीटरवर टेकले, तर दाब होतो सुमारे १५३. कातडीखालच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब असतो तिसाच्या आसपास. बाहेरचा दाब त्याच्या वर गेला आणि तासन् तास तसाच राहिला, की तिथले रक्त अडते, पेशी मरतात आणि जखम होते. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. ओझे पंचेचाळीस किलोवर आणले आणि घडी नीट घातली, तर दाब एकवीसच्या आसपास येतो. पाठीची जखम ही घोडीच्या नशिबात लिहिलेली नसते. ती आपल्या भागाकारात लिहिलेली असते.

मी विचारले, "हा कॅन पूर्वीपासून नेता?" आई म्हणाली, "न्हाई. पूर्वी वाटेत कुनीबी पानी द्यायचं. गेल्या साली दोन मुक्कामांवर कुनी हंडाभर पानी दिलं न्हाई. म्हून भरून घेतलं."

माझा पहिला मुद्दा इथे आहे. परंपरेने तिला जे शिकवले होते, त्यात अर्ध्या किलोचीही चूक नव्हती. गोण्या, वाकळा, भांडी यांचे वजन तिच्या हातांना पिढ्यान् पिढ्या माहीत होते. प्लॅस्टिकचा कॅन नवा होता आणि पाणी नाकारणारा रस्ताही नवा होता. परंपरा कालचे गणित अचूक सोडवते. आज वाढलेली संख्या तिला कुणीतरी सांगावी लागते. ती संख्या सांगण्याचे काम विज्ञानाचे आहे. म्हणून 'हे अडाणी लोक जनावरांना त्रास देतात' असे म्हणणारे शहरी शहाणे मला मान्य नाहीत. आणि 'जुने ते सगळे शास्त्रीयच' असे म्हणणारेही मान्य नाहीत. दोघेही काटा हातात घेत नाहीत.

आता हकिकतीचा मला बोचणारा भाग. घरात तीन घोडी होती. त्यांतले एक तरणे तट्टू दावणीला मोकळेच उभे होते. मी म्हणालो, "थोडे ओझे याच्यावर टाका की." तेव्हा मुलगा म्हणाला, "त्याला फिरवलंच नाही, सर. सवय नाही. दोन दिवसांत अडंल."

मित्रांनो, इथे ते कोडे पुन्हा पुढे आले. स्नायू आणि हृदय काही आठवड्यांच्या रोजच्या चालीने तयार होतात. कंडरा आणि हाडे यांना त्याहून जास्त वेळ लागतो. ओझ्याखालची कातडीही हळूहळूच निबर होते. म्हणून दिवाळीनंतर निघणाऱ्या घोड्याची तयारी भाद्रपदातच सुरू झाली पाहिजे. आधी रिकाम्या पाठीने दोन-तीन किलोमीटर. मग नुसती घोंगडी आणि तंग. मग दहा किलो, पंधरा किलो. अंतर आणि ओझे एकाच दिवशी वाढवायचे नाही. आदल्या दिवशी ही तयारी होत नसते. ते वरातीमागून घोडे झाले.

दरवर्षी नव्या घोड्याला फिरवण्याचे हे काम या मुलाचे होते. मग त्या वर्षी भाद्रपद-आश्विनात तो कुठे होता? तो माझ्या जादा तासाला होता. 'एकही तास चुकवायचा नाही' अशी तंबी मीच दिली होती. त्याने ती पाळली. तट्टू दावणीला राहिले, त्याच्या वाट्याचे ओझे घोडीवर पडले आणि त्याच घोडीपायी चार दिवस चुकले म्हणून मी त्याला वर्गासमोर बोललो.

त्या दिवशी आम्ही जे जमले ते केले. कॅनमधले पाणी चार छोट्या कॅनांत वाटून दोन घोड्यांच्या दोन्ही बाजूंना सारखे टांगले. कोकरे दुसऱ्या घोड्यावर गेली. घोंगडीच्या घडीला जखमेच्या जागी भोक ठेवले, म्हणजे तिथे दाब शून्य. तट्टावर पहिल्या आठवड्यात नुसत्या कोंबड्या आणि पालाचे कापड. पहिले पाच दिवस मजल निम्मी ठेवायची, असे आईनेच ठरवले. हा शेवटचा निर्णय माझ्या डोक्यात आलाही नव्हता.

प्रवासाच्या तयारीत मोजण्यासारख्या आणखी काही गोष्टी आहेत. त्या थोडक्यात सांगतो.

घाट उतरणे सोपे, असे आपल्याला वाटते. हिशेब करा. घोडा आणि ओझे मिळून २६० किलो, उतार एकूण सहाशे मीटर. स्थितिज ऊर्जेतली घट सुमारे पंधरा लाख ज्यूल. ही ऊर्जा जाते कुठे? घोडा धावत सुटत नाही, म्हणजे ती गतिज ऊर्जा होत नाही. पायांचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात आणि तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने वीस अंशांवरचे साडेचार लिटर पाणी उकळीला येईल! त्यातून सपाटीवर उभ्या असलेल्या घोड्याच्याही पुढच्या पायांवर सुमारे साठ टक्के भार असतो. उतारावर तो आणखी वाढतो आणि ओझे मानेकडे सरकू पाहते. म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची मजबूत हवी, आणि घाटाच्या मध्यावर विसावा हवा.

हिवाळा म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. घाटाखालची हवा नोव्हेंबरातही दुपारी उष्ण आणि दमट असते. घाम वाळला तरच अंग निवते आणि दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. विसाव्याच्या दिवशीसुद्धा घोड्याला दर शंभर किलो वजनामागे सुमारे पाच लिटर पाणी लागते. चालीच्या दिवशी त्याहून बरेच अधिक. त्याचा घाम त्याच्या रक्तापेक्षा खारट असतो. तेव्हा मिठाचा खडा हवाच.

चारा एकदम बदलू नका. घोड्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव त्याच्यासाठी चारा पचवतात. ते कडब्याला सरावलेले असतात. अचानक नुसता भाताचा पेंढा दिला तर पोटशूळ उठू शकतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्यावे. निदान पाच-सहा दिवसांचा जुना चारा बरोबर असावा. अर्थात त्याचेही वजन ओझ्यात धरायचे!

आणि रस्ता. बैलगाड्यांच्या काळात जी तयारी लागत नव्हती ती आज लागते. ताशी साठ किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला सतरा मीटर जातो. चालकाला घोडा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. मग कोरड्या सपाट रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे अठ्ठावीस मीटर. म्हणजे एकूण पंचेचाळीस, आणि घाटाच्या उतारावर त्याहून जास्त. पहाटेच्या अंधारात काळी घोडी तेवढ्या अंतरावरून दिसेल का? चमकणाऱ्या पट्टीचा हातभर तुकडा गोणीच्या मागे आणि बाजूंना शिवला, तर ती कितीतरी लांबून दिसते. या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच.

तुम्ही म्हणाल, "सर, सरळ टेम्पोत घालून का नेत नाहीत?" काही कुटुंबे आता सामानासाठी टेम्पो करतातही. पण टेम्पोत घातले म्हणून भौतिकशास्त्र सुटत नाही. प्रत्येक ब्रेकला आणि वळणाला जडत्वामुळे घोड्याचा तोल जातो. तो पाय फाकवून तोल सावरतो आणि न चालताही दमतो. त्यातच मान वर बांधलेली असेल तर आणखी वाईट. चरताना मान खाली असते, तेव्हा श्वासनळीतला कफ आणि धूळ गुरुत्वाकर्षणामुळे बाहेर वाहते. मान तासन् तास वर राहिली, तर तीच घाण फुप्फुसाकडे उतरते आणि लांबच्या प्रवासानंतर घोड्याला न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून दोरी सैल हवी, हवा खेळती हवी आणि दर चार तासांनी थांबून पाणी पाजायला व मान खाली करू द्यायला हवी. थंडी वाजेल म्हणून सगळीकडून ताडपत्री बांधणे ही माया झाली. पण न मोजलेली माया. एवढा घोडा नुसता उभा असतानाही दोनशे वॅटच्या आसपास उष्णता देतो. चार घोडे एका बंद टेम्पोत म्हणजे आठशे वॅटची शेगडी आणि वर श्वासाची वाफ व मुताचा उग्र वास. त्यांना कमतरता असते ती उबेची नव्हे, हवेची.

आता माझे मत. आमच्या शाळा-महाविद्यालयांना हजेरी मोजता येते; शिक्षण मोजता येतेच असे नाही. वर्षातला जो महिना स्थलांतराच्या तयारीचा, त्या महिन्यात त्या घरांतल्या मुलांना आम्ही वर्गात बसवून ठेवतो आणि प्रत्यक्ष आघूर्ण, दाब, ऊर्जा हाताळणाऱ्या मुलाला 'गैरहजर' ठरवतो. शाळा सोडा आणि घोड्यामागे जा, असे मी मुळीच म्हणत नाही. तो मुलगा हिवाळी प्रवासातून एस.टी.ने परत येऊन प्रात्यक्षिक परीक्षेला बसला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे एवढेच, की आठवड्यातले दोन दिवस दोन तास त्याला तट्टू फिरवायला सोडले असते आणि त्या फिरवण्याच्या नोंदी प्रकल्प म्हणून स्वीकारल्या असत्या, तर वर्गाचे काही नुकसान झाले नसते आणि घोडीची पाठ वाचली असती. नियम मोडायची गरज नव्हती. नियमात जेवढी जागा होती तेवढीसुद्धा मी शोधली नाही. ही चूक त्याची नव्हती, माझी होती.

काही शिक्षक म्हणतील, "एकाला सवलत दिली की सगळे मागतील." मागू द्या! प्रत्येकाने आपल्या घरचे एखादे काम मोजून आणले, कुणी उसाच्या गाडीचे, कुणी विहिरीच्या मोटरीचे, कुणी भट्टीचे, तर आपल्याला प्रयोगाच्या वह्या तपासताना डुलकी तरी लागणार नाही.

परीक्षेच्या दिवशी तो मुलगा एक वही घेऊन आला. रोजची मजल, प्रत्येक घोड्यावरचे ओझे, डावी-उजवी बाजू, पाठीच्या जखमेची लांबी-रुंदी. शेवटच्या पानावर जखमेच्या रकान्यात शून्य होते. परीक्षेत गुण त्याला नियमाप्रमाणेच मिळाले. त्या वहीला गुण देण्याची सोय नव्हती. आता त्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात आहे. भाद्रपदात मंगळवारी आणि शुक्रवारी तो शेवटचा तास सोडून जातो आणि दुसऱ्या दिवशी नोंदी आणून दाखवतो. त्या मी प्रकल्पात धरतो.

तुमच्या गावावरून दिवाळीनंतर असे वाडे जात असतील. या वर्षी एक करा. शिंप्याची टेप आणि एक तानकाटा घेऊन जा. आधी परवानगी विचारा. घोड्याच्या अगदी मागे कधी उभे राहू नका, त्याला तिथले दिसत नाही आणि तो दचकून लाथ मारतो. घेर मोजा, लांबी मोजा, हिशेब करा आणि आलेला आकडा आधी घोड्याच्या मालकिणीला सांगा, वहीत मागाहून लिहा. त्या काय म्हणतात तेही ऐका. तुमच्या आकड्यात नसलेले काहीतरी त्यात हमखास असेल.

आणि निघताना त्यांच्या कॅनमध्ये पाणी भरून द्या. वाटेत पाणी मिळेल अशी खात्री असली, तर ते घोड्यावरून वाहावे लागत नाही.